गयाचा भाऊ

तुम्हीच पहिले. एवढं वय झालं, पण ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. जानकीशी — माझ्या बायकोशी — सुद्धा मी यावर कधी सरळ बोललो नाही, आणि ती तर यात अर्धी होती. आता ती नाही. तिचा वाटाही माझ्याकडेच आला म्हणा. पण तिच्यावर काही ढकलायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं आहे. कारण बोललो मी. तिने फक्त विचारलं होतं.

कुठून सुरू करू?

मी अमरावतीच्या तहसील कचेरीत चपराशी होतो. घर भातकुलीकडचं, काळ्या मातीतलं. भावांनी शेती धरली आणि मी कमरेला पट्टा बांधला. आमचे तहसीलदार रावसाहेब पुण्याकडचे. त्यांच्यापुढे बोलून बोलून माझी बोली अशी दुहेरी झाली — घरी मले-तुले, कचेरीत मला-तुला. त्यांच्या कानाला आमचं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं. माणूस मात्र कोवळ्या मनाचा.

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता, की म्हातारी माणसं स्वप्नात असल्यासारखी बोलत. गाडीवानांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. ज्याच्या घरी कधी गूळ दिसला नव्हता त्याच्या घरी साखर आली. आणि त्याच वर्षांत आगगाडीचा रस्ता बडनेऱ्याकडे सरकत येत होता. मातीकामाला कुठून कुठून माणसं आली, बायकापोरांसकट. पालं पडली, चुली पेटल्या. मग उन्हाळ्याच्या तोंडी पटकीची साथ आली.

ते मी पाहिलं आहे. वर्णन करत नाही. पालंच्या पालं रिकामी झाली आणि काही पालांच्या दाराशी नुसती मुलं उरली.

रावसाहेबांनी ती मुलं गावात वाटून दिली. वाटून — हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही. ज्यांच्या घरात जागा होती आणि जातीपातीचं जमत होतं, त्यांनी एकेक मूल सांभाळायला नेलं. कचेरीतून त्यांना धान्य मिळे. आणि मला रावसाहेबांनी बोलावून सांगितलं, "महादेव, तुम्ही गावोगाव फिरता. या मुलांचं कोणी आहे का ते बघा. आजी, मामा, आत्या — कोणी तरी असेलच."

कोणी तरी असेलच. किती सोपं वाटतं, नाही? पण मुलाला विचारा, तुझं गाव कोणतं? ते म्हणतं, आमचं गाव. बापाचं नाव? बाबा. मग दुसरीकडून जावं लागतं. देवळात कोणता देव आहे? जत्रेत काय मिळतं? नदीला उन्हाळ्यात पाणी असतं का? आईला हाक कशी मारत? अशा चिंध्या जोडत जोडत मी हिंडायचो. पुष्कळदा काही हाती लागत नसे. पण काहींचं लागलं. एका पोराचा मामा मला कारंज्याजवळ सापडला. त्याने त्या पोराला खांद्यावर घेतलं आणि ओक्साबोक्शी रडला. लोक मला ओळखू लागले. बायका बोटं मोडून माझी दृष्ट काढत. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? फार आवडायचं.

गया आणि पुंजा मला बडनेऱ्याच्या पालांत मिळाले. गया असेल नऊ-दहा वर्षांची. पुंजा तिच्या कडेवर, जेमतेम चालायला लागलेला. आई-बाप दोघंही गेले होते. ही पोरगी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून बोटाने त्याला चाटवत होती. मी जवळ गेलो तेव्हा ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काकाजी, तुमी आमाले वेगवेगळं करसान का?"

मी म्हटलं, नाही.

आणि त्याच दिवशी आम्ही त्यांना वेगळं केलं. काय करणार? गावाच्या परकोटाबाहेर एक माळी कुटुंब होतं, त्यांना कामाला हात लावणारी पोरगी चालत होती, तान्हं मूल झेपत नव्हतं. म्हणून पुंजा आमच्या घरी आला. चार दिवसांसाठी, मी जानकीला म्हटलं.

आमची दोन झाली होती आणि दोन्ही गेली होती. हे सबब म्हणून सांगत नाही. फक्त जानकीने त्या पोराला घेतलं तेव्हा तिचे हात कसे होते, ते तुम्हाला कळावं म्हणून. तिने दुसऱ्याच दिवशी शेळी विकत आणायला लावली. शेजारी अमीनाबी राहायच्या — पिंजाऱ्याच्या घरच्या, घरात दिवसभर कापूस पिंजायची तार वाजत असायची — त्यांनी पोरासाठी मऊ गादी भरून दिली. पुंजा त्या गादीवर पालथा पडून शेळीकडे बघत हसायचा.

गया रोज दुपारी यायची. मळ्यातलं काही ना काही घेऊन — कधी गाजर, कधी कोवळी काकडी. पुंजाला तिची चाहूल आधीच लागायची. "गयी, गयी" करत तो दाराकडे धावायचा आणि उंबऱ्याशी धडपडायचा. जानकी तिला प्रेमाने बसवायची, भाकर-दूध द्यायची. पण ती निघून गेली की जानकी पुंजाला उचलून छातीशी घट्ट धरायची. मी ते पाहत होतो. पाहून न पाहिल्यासारखं करत होतो.

गयाकडून मला जे कळलं ते असं: गावाचं नाव बोरगाव. आईची आई तिथे राहते. तिच्या दारात शेवग्याचं झाड आहे, त्याला दोन खोडं आहेत. आणि आजी गाड्यावाल्यायले भाकर देते.

तुम्ही वऱ्हाडातले असाल तर हसाल. बोरगाव! आमच्याकडे दगड भिरकावला तर बोरगावात पडेल, इतकी बोरगावं आहेत. मी एकामागून एक पालथी घातली. पाय सुजायचे. प्रत्येक ठिकाणी शेवगा पाहायचा, खोडं पाहायची, म्हातारीची चौकशी करायची आणि परत फिरायचं. आणि — हे ऐका — रिकाम्या हाताने घरी आलो की जानकीचा चेहरा मोकळा व्हायचा. हे एकवेळ समजतं. पण माझाही व्हायचा. पुंजा येऊन माझ्या पायाला मिठी मारायचा, आणि मी, ज्याला सारं गाव मुलं शोधून देणारा म्हणून आशीर्वाद देत होतं, मनात म्हणायचो, बरं झालं.

अशाने माणूस आतून कुठे चालला आहे, हे त्याला कळत नाही का? कळतं. मला कळत होतं.

शेवटी ते सापडलं, आणि सापडलं अगदी सहज. कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीवानाला मी सवयीने विचारलं. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "भागाबुढीची भाकर? मुर्तिजापुरावरून अकोल्याले जाताना बोरगाव लागते ना, थेच. तिच्या दारात शेवगा हाय पाहा, जोडखोडाचा."

घरी येऊन मी जानकीला सांगितलं. ती पुंजाला भरवत होती. तिचा हात थांबला नाही. घास भरवता भरवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आयकलं का? बुढी भेटलीच नाई, असं सांगता येनार नाई काय?"

मी चिडलो. म्हटलं, मी सरकारचा माणूस आहे, पोरांचा विश्वास माझ्यावर आहे, असलं पुन्हा बोलू नको. मोठं ताठ बोललो. तिने पुढचा घास कालवला. तिने विचारलं ते एवढंच. यापुढचं सगळं माझं.

बोरगावला मी एका कापसाच्या गाडीवरून गेलो. वाटभर मनाशी घोकत होतो — म्हातारी, तुझी दोन्ही नातवंडं सुखरूप आहेत. हेच घोकत होतो. निदान मला तसं आठवतं. मग मधूनच, ही म्हातारी या लेकराला काय पाजेल, तिच्याकडे शेळी असेल का, पावसाळ्यात घर गळत असेल का, असंही मनात यायचं. ते कशासाठी यायचं? तयारी चालली होती का माझी? मला अजून ठरवता येत नाही.

शेवग्याला खरंच दोन खोडं होती. खाली तट्ट्याचा आडोसा, त्यात चूल. भागाबुढी लहानखुरी बाई, हातावर भाजल्याचे डाग. दोन गाडीवान भाकर-ठेचा खाऊन नुकते उठले होते. मी गयाचं नाव घेतलं आणि तिची भाकरी तव्यावरच राहिली. जळायचा वास आला तरी तिने हात घातला नाही.

लेक आणि जावई गेल्याचं तिला माहीत होतं. कामावरून पळून आलेल्या कोणी सांगितलं होतं. ती एकटी बडनेऱ्यापर्यंत चालत गेली होती. तोवर सरकारने पालं जाळून टाकली होती. राखेत कोणाला विचारणार?

"गया हाय?" तिने विचारलं.

"हाय."

"आन लहाना?"

झालं. एवढ्याच क्षणापाशी येण्यासाठी मी मघापासून तुम्हाला इकडेतिकडे फिरवतो आहे. तिने दोन शब्द विचारले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "थो नाई राह्यला, माय."

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. पण थांबा.

ती ओरडली नाही. पदर तोंडात कोंबून बसून राहिली. अंग तेवढं हलत होतं. मग तिने डोळे पुसले, जळकी भाकरी काढून बाजूला टाकली आणि जाळाकडे बघत बोलू लागली, जशी स्वतःशीच.

"मी तं मनाशी ठरोलं होतं, बाप्पा. दोघं सापडले तं गयीले घरी आनीन. आन लहान्याले ज्याईनं जीव लावला असन, त्याईच्याच घरी राहू देईन. माह्या घरी कुठचं दूध? त्याईले मायबाप म्हनन, मोठा झाला की येईन आजीले पाहाले. एवढंच पाह्यजे होतं मले. पन थो गेलाच म्हनता..."

ऐकलंत ना?

ती आपणहून देत होती. मी जे चोरलं ते ती आपणहून, हात जोडून देणार होती. आणि अजून काहीच बिघडलं नव्हतं. "माय, चुकलो, पोरगा जिवंत आहे, माझ्याच घरी आहे" — एवढं म्हटलं असतं तर? तिने मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं, आणि मग हसली असती. पोरगा माझाच राहिला असता. त्याला बहीण राहिली असती, आजी राहिली असती.

मी गप्प बसलो. का? आता काय सांगू — लाज वाटली. ती एवढी रडली होती, आता तिला कोणत्या तोंडाने सांगू, की तुला रडवणारं ते खोटं होतं? मी, पोरं शोधून देणारा महादेव? मला माझ्या नावाची काळजी पडली होती. एका म्हातारीचा नातू मेलेला राहिला, तो माझं नाव वाचावं म्हणून.

तिने मला ताजी भाकर थापून वाढली. मी खाल्ली.

एकदा खोटं पडलं की त्याच्यामागे धावावं लागतं. ती माझ्याबरोबर निघायला तयार झाली होती. मी म्हटलं, तुम्ही त्रास घेऊ नका, पोरीला मी आणून पोचवतो. अमरावतीला परत आलो आणि जानकीला म्हटलं, पोराला घेऊन मोर्शीला जा, तुझ्या माहेरी, मी सांगेपर्यंत येऊ नको. तिने का म्हणून विचारलं नाही. पहाटे ती गाडीत बसली तेव्हा पुंजा शेळीसाठी रडत होता, म्हणून शेळीही बरोबर दिली.

त्या दुपारी गया आली. हातात गाजर होतं.

मी तिला ओट्यावर बसवलं. म्हटलं, तुझी आजी सापडली. तिचा चेहरा असा उजळला, की... मग मी दुसरं सांगितलं. रात्री ताप भरला, पहाटे गेला, काकू तो धसका घेऊन माहेरी गेली.

ती घरात गेली. गादी उचलून पाहिली. परसात जाऊन आली. मग माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "कोठी पुरलं?"

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मी उठलो आणि चालू लागलो. ती मागे. अंबानाल्याच्या काठी त्या उन्हाळ्यात लहान लेकरांना पुरल्याचे उंचवटे बरेच होते. त्यातल्या एकाकडे मी बोट केलं. कोणाचं लेकरू होतं त्या मातीत? कोणाच्या तरी आईने तिथे दगड रचले होते. गया त्यापाशी बसली. गाजर मातीवर ठेवलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ते उचलून तिने दाताने तोडून तोडून त्याचे बारीक तुकडे केले आणि पुन्हा ठेवले. तो लहान होता ना. त्याला अख्खं चावत नव्हतं.

मी बाजूला उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

संध्याकाळी अमीनाबी आल्या. त्यांनी पहाटे जानकीला पोरासकट गाडीत बसताना पाहिलं होतं, आणि आता वाटेत रडणारी गया त्यांना भेटली होती. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "महादेवभाऊ, थे बच्ची काय म्हनून राह्यली? पुंजा गेला म्हनते. तुमी तिले असं काहून सांगतलं?"

मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही, अमीनाबी.

"मले येवढं कळते, का लेकरू जिता हाय. उद्या सकाळी मी माळ्याच्या घरी जातो आन तिले सांगतो. तुमाले सांगाचं असन तं आज सांगा. अल्लानं तुमाले तेवढी येळ देल्ली हाय."

त्यांनी मला वाट दिली होती, बघा. चांगल्या माणसासारखी. आणि मी काय केलं? उजाडायच्या आत माळ्याकडे गेलो, गयाला उठवलं आणि पहिल्या सुटलेल्या गाडीत तिला घेऊन बसलो. अमीनाबी सकाळी तिथे पोचल्या तेव्हा आम्ही बडनेऱ्याच्या पुढे होतो.

वाटेत गया गाडीच्या मागे, अमरावतीकडे बघत बसली होती. एकदा तिने विचारलं, काकू किती दिवसांनी परत येतील, त्यांना म्हणावं रडू नका. बोरगावात शेवग्याखाली म्हातारीने तिला कुशीत घेतलं. गाडीवान डोळे पुसत होते. दोघी माझ्या पाया पडल्या. दोघी.

परत आलो तर अमीनाबींचं दार बंद होतं. त्यानंतर त्या आमच्या घरी कधी आल्या नाहीत. कोणाला काही बोलल्याही नाहीत. पोरगी हाताबाहेर गेली होती, आता कोणाला सांगणार? कधी अंगणात समोरासमोर आलो तर त्या मान वळवून आत जात, आणि मग पिंजायची तार वाजायला लागे. तो आवाज मला सहन होईना.

कचेरीत मी रावसाहेबांना सांगितलं, की पोरगी आजीकडे पोचली आणि पोरगा आजीने खुशीने आमच्याकडेच ठेवला. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "फार चांगलं झालं. तुम्ही पुण्याचं काम केलंत, महादेव." सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले. जे त्या म्हातारीच्या मनात होतं, अक्षरशः तेच मी त्यांना सांगितलं होतं. खरं बोलायची जागा मला तेवढी एकच सापडली, आणि तिथे ते खोटं होतं.

मी मोर्शीला बदली मागून घेतली. मुलं शोधायचं काम दुसऱ्याकडे गेलं. रावसाहेब हळहळले. मोर्शीला पुंजाचा गोविंदा झाला. जानकीने नवं नाव ठेवलं, मी विरोध केला नाही. पहिले पुष्कळ दिवस दुपार कलली की तो दाराशी जाऊन बसायचा. "गयी, गयी" म्हणायचा. जानकी त्याला उचलून आत आणायची, तो पुन्हा जायचा. मग ते कमी झालं. मग थांबलं. थांबलं तेव्हा आम्हा दोघांनाही हायसं वाटलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

जानकीने त्याला उत्तम वाढवलं. हे मला सांगायलाच हवं. पण ती त्याला घेऊन अमरावतीला पुन्हा कधी गेली नाही, आणि झोपेत दचकून उठायची ती शेवटपर्यंत.

आता एकच राहिलं.

लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, चांदीच्या शेंब्या सोनारांकडे परत गेल्या. आगगाडी मात्र राहिली. गोविंदा दहा-अकरा वर्षांचा असताना कचेरीच्या कामाने मला अकोल्याला जायचं होतं. आगगाडीत बसायचं म्हणून तो मागे लागला. मी नेलं. का नेलं? अकोल्याच्या वाटेवर काय आहे ते मला माहीत नव्हतं का? माणसाची भीती मोडून जाते कधी कधी. किंवा मला पकडलं जायचं असेल. तेवढाही चांगुलपणा माझ्यात असेल तर.

काम आटोपून आम्ही ठेसनाबाहेर एका निंबाखाली बसलो होतो. समोर कापसाच्या गठाणींचे ढीग. सरकी वेचणाऱ्या बायका काम सोडून पाणी प्यायला येत होत्या. त्यातली एक थबकली. कडेवर मूल, केसांत कापसाचे तंतू.

"महादेवकाकाजी ना तुमी?"

मी ओळखलं. कोणीही ओळखलं असतं. तिने मूल तसंच कडेवर घेतलं होतं, जसं पालाच्या दाराशी.

ती माझ्या पाया पडली. आजी गेली म्हणाली, दोन वर्षं झाली. नवरा गठाणी चढवतो. बरोबरच्या बायकांना हाका मारून तिने सांगितलं, "मले माह्या आजीपाशी नेऊन देनारे हेच काकाजी." त्या बायकांनी माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. कडेवरच्या पोराला ती म्हणाली, "पाया पड, पुंजा."

पुंजा. तिने पोराचं नाव पुंजा ठेवलं होतं.

गोविंदा माझ्या शेजारी बसला होता. तिने विचारलं, "हा कोन?" मी म्हटलं, माझा मुलगा. "देवानं तुमाले देल्ला, चांगलं झालं," ती म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून तिने त्याच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवले. त्याने घेतले. तिच्या हाताचा त्याला स्पर्श झाला. मी बघत होतो. काही झालं नाही. तो फुटाणे खाऊ लागला.

मग ती माझ्याजवळ सरकली, हळू आवाजात. "काकाजी, किती वर्सं इचारीन म्हनत होती. जाताना त्यानं मले आवाज देल्ला होता का?"

गोविंदा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसला होता. मी नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो. "गयी गयी करत होता."

तिचे डोळे भरून आले, पण चेहरा मोकळा झाला. पुष्कळ वर्षांचं ओझं उतरल्यासारखा. तिने डोळे पुसले आणि हसून गोविंदाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, एवढाच झाला असता. तिला बरं वाटलं. आणि मलाही — हे सांगताना जीभ जड होते — मलाही बरं वाटलं. जणू मी तिला काही दिलं.

तिला कोणीतरी हाक मारली. ती गेली.

गाडी सुटल्यावर गोविंदाने विचारलं, "बाबा, थे बाई कोन होती?"

"बोरगावची एक होती. ओळखीची."

"रडत काहून होती?"

"तिचा भाऊ गेला लहानपणी."

त्याने हातातल्या फुटाण्यांकडे पाहिलं. थोडे उरले होते. ते त्याने खाल्ले नाहीत, मुठीत धरून बसला. बडनेरा आलं तरी मूठ तशीच होती.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गोविंदाला स्वतःची मुलं आहेत. जानकीला अग्नी त्यानेच दिला. गया अकोल्यात आहे, की दुसरीकडे गेली, की गेलीच — मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही. मोर्शीहून अमरावती, तिथून गाडीने अकोला. म्हाताऱ्या माणसालाही जमेल एवढंच अंतर आहे. दोनदा मी घरातून निघालो. दोन्ही वेळा बाजारातून परत आलो.

गोविंदा आत्ता बाहेर ओट्यावर बसून बैलाची वेसण वळतो आहे. मघाशी त्याने मला विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का, सकाळपासून आत-बाहेर करून राहिले. मी म्हटलं, काही नाही.